पाळी, पिशवी आणि डोळ्याची नस

डोळ्यांच्या दवाखान्यात पन्नाशीची बाई आली की केसपेपरवर ठरलेले प्रश्न येतात. शुगर आहे का, बीपी आहे का, चष्मा कधीपासून आहे, आधी काही ऑपरेशन झालंय का. चौथ्या प्रश्नाला ती "नाही" म्हणते, कारण ऑपरेशन म्हणजे डोळ्याचं असं तिला वाटतं. पाळी कधी गेली, आपोआप गेली की पिशवी काढल्यामुळे, काढली तेव्हा वय काय होतं, बाळंतपणं किती झाली, हे कोणी विचारत नाही आणि तीही आपणहून सांगत नाही. डोळ्याचा आणि पाळीचा काय संबंध, असं दोघांनाही वाटत असतं.

संबंध आहे. मराठवाड्यातल्या बायकांच्या बाबतीत तर तो अधिक गांभीर्याने घ्यायला हवा, म्हणून या प्रकरणात तोच उलगडायचा आहे.

उदगीर हे लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एका बाजूला कर्नाटकातला बीदर जिल्हा, दुसऱ्या बाजूला नांदेड, आणि तेलंगणाची सीमाही फार लांब नाही. इथल्या उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालयामुळे डोळ्यांचा इलाज म्हटलं की या पट्ट्यातल्या लोकांना उदगीर आठवतं. देवणी, जळकोट, मुखेड, औराद या भागातल्या बायका शेतात राबतात, सोयाबीन काढतात, तूर कापतात. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून कित्येक जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. यांच्या डोळ्यांबद्दल बोलताना आपण मोतीबिंदूवर थांबतो. नसांपर्यंत जातच नाही.

डोळ्यात नसा दोन ठिकाणी महत्त्वाच्या. एक, समोरच्या पारदर्शक भागात, ज्याला पारपटल म्हणतात. दुसरी, डोळ्याच्या मागून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस. पहिली दुखणं कळवते, दुसरी दिसणं पोचवते. दोन्ही वयाबरोबर झिजतात आणि दोन्हींवर बाईच्या संप्रेरकांचा परिणाम होतो. पण हा परिणाम दोन्हीकडे एकसारखा नाही, आणि सगळा गुंता तिथेच आहे.

आधी पारपटल. शरीरात इतक्या दाट संवेदनातंतूंची जागा दुसरी नाही. त्वचेच्या मानाने इथले तंतू 300 ते 600 पट दाट असल्याचं मानलं जातं. ते कडेने आत शिरतात, शिरताना आपलं चरबीचं आवरण सोडून देतात म्हणून पारदर्शक राहतात, आणि वरच्या पातळ थराखाली जाळं पसरतात. धुळीचा कण पडला की पापणी मिटते आणि पाणी येतं, ते या जाळ्यामुळे. ते शाबूत आहे का, हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. डॉक्टर कापसाचं टोक पिळून बारीक वात करतात, रुग्णाला समोर बघायला सांगतात आणि बाजूने ती वात बुबुळाला हळूच लावतात. डोळा लगेच मिटला तर ठीक. उशिरा मिटला, किंवा "लागलं का?" असं विचारल्यावर "काय लागलं?" असं उत्तर आलं, तर संवेदना कमी झाली आहे. वय वाढतं तशी ती सगळ्यांचीच कमी होत जाते, पन्नाशीनंतर अधिक.

गरोदरपणात हेच थोड्या काळासाठी घडतं. शेवटच्या महिन्यांत पारपटलाची संवेदना घटते, त्याची जाडी किंचित वाढते, आणि बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांत सगळं पूर्ववत होतं. म्हणून त्या काळात नवा चष्मा करू नये असं सांगतात. डोळ्यातला दाबही गरोदरपणाच्या उत्तरार्धात दोन-तीन मिलिमीटरने उतरतो, कारण वाढलेल्या संप्रेरकांमुळे डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट मोकळी होते. मागच्या नसेच्या दृष्टीने हे महिने बरे जातात. अपवाद एकच आणि तो जिवावरचा आहे. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब वाढला, डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले, धुरकट दिसायला लागलं, डोकं ठणकायला लागलं, तर तो अशक्तपणा समजू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ही झटका येण्यापूर्वीची खूण असू शकते.

आता मागची नस. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींचे साधारण दहा ते बारा लाख तंतू एकत्र येऊन ती बनते. डोळ्याबाहेर पडताना हे तंतू एका छिद्रांच्या पडद्यातून जातात. आपली पिठाची चाळणी डोळ्यासमोर आणा, तसाच तो असतो. आतला दाब वाढला किंवा हा पडदा वयाने ताठर झाला, की त्यातून जाणारे तंतू चेपले जातात. त्याच ठिकाणी त्यांना ऊर्जाही सर्वांत जास्त लागते, कारण चरबीचं आवरण त्यांना या पडद्याच्या पलीकडे गेल्यावरच मिळतं. निरोगी माणसाचेही वर्षाला काही हजार तंतू गळतात. इतका साठा असतो की शंभरी गाठली तरी आयुष्यभर पुरावा. काचबिंदूत मात्र ही गळती कैकपटीने वाढते, आणि गेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. बेडकाचा नव्हे, माणसाचा विचार करायचा तर याबाबतीत निसर्गाने दुसरी संधी ठेवलेली नाही.

या तंतूंना संप्रेरकांचं काय देणंघेणं? याचा सर्वांत बोलका पुरावा काचबिंदूतून नव्हे, एका दुर्मीळ आनुवंशिक आजारातून मिळतो. लेबर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा दृष्टिनसेचा आजार आईकडून मुलांना येतो, मुलगा-मुलगी दोघांनाही. पण दोष वाहणाऱ्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांची दृष्टी जाते, बायकांपैकी साधारण दहांपैकी एकीची. दोष एकच, घर एकच, मग हा फरक का? इटलीतल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा दोषी पेशींना इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं संप्रेरक दिलं तर त्यांच्यातली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बरी चालते. नसेच्या पेशींवर इस्ट्रोजेन ओळखणारे ग्राहक असतात, हे इतर अभ्यासांतून कळलेलं आहे. शिवाय इस्ट्रोजेन बारीक रक्तवाहिन्या सैल ठेवतं आणि डोळ्याच्या आवरणांची लवचीकताही टिकवतं. अंडाशयाचं काम थांबलं की ही सगळी राखण कमी होते. पाळी गेल्यावर डोळ्यातला दाबही बऱ्याच बायकांमध्ये थोडा चढतो.

लोकसंख्येचे अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतात. हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात पन्नाशीनंतर पाळी गेलेल्या बायकांच्या तुलनेत पंचेचाळिशीआधी पाळी गेलेल्यांमध्ये उघड्या कोनाचा काचबिंदू अडीचपटीहून अधिक आढळला. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स अभ्यासात पाळी उशिरा सुरू झालेल्यांमध्ये तो जास्त दिसला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, पाळी जाण्याआधीच दोन्ही अंडाशयं काढलेल्या बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्रेचाळिशीआधी हे ऑपरेशन झालेल्यांमध्ये काचबिंदूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी जास्त निघाला. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात अँड्र्यू फिओला यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केले. डोळ्याचा दाब वाढवलेल्या माद्यांपैकी ज्यांची अंडाशयं काढली होती, त्यांची नजर जास्त ढासळली. बाळंतपणांच्या संख्येबद्दलचा पुरावा मात्र ढिला आहे. कुठे संबंध दिसतो, कुठे नाही, म्हणून चार मुलं झाली म्हणून नस गेली असं कोणाला सांगू नये. माझ्या मते पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंतचा काळ किती वर्षांचा होता, हे मोजणं जास्त अर्थपूर्ण आहे.

आणि हा काळ आपल्याकडे किती वर्षांचा असतो? पाश्चात्त्य देशांत पाळी साधारण एक्कावन्नाव्या वर्षी जाते, भारतात शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास. म्हणजे चार वर्षं तिथेच कमी. पोटाला नीट न मिळालेल्या मुलीची पाळी उशिरा सुरू होते, तिथे आणखी थोडी वर्षं गेली. त्यावर पिशवी काढण्याची भर. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय बायकांपैकी 3.2 टक्क्यांची पिशवी काढलेली होती. त्या ऑपरेशनचं मध्यक वय होतं 34. दर तीनपैकी दोन ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झाली होती.

शेजारच्या बीड जिल्ह्याची गोष्ट 2019 मध्ये देशभर गाजली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहांमध्ये एक. यामागची साखळी आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. सोळा-सतराव्या वर्षी लग्न, विशीत दोन-तीन मुलं, पंचविशीच्या आत कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. मग अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं, पाळीत जास्त जाणं. फडात संडास नाही, पाणी नाही, आणि खाडा झाला तर कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडप्याला, दंड. त्यात कोणीतरी डॉक्टर म्हणतो, "ठेवलीत तर कॅन्सर होईल." बाई विचार करते, मुलं झाली, आता पिशवीचं काय काम. उचल घेऊन ऑपरेशन होतं आणि काही आठवड्यांत ती पुन्हा मोळ्या उचलायला जाते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये अशा अनावश्यक ऑपरेशनांबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं.

चौकशी झाली ती ऑपरेशन गरजेचं होतं का याची. तीस-पस्तीस वर्षांच्या बाईची अंडाशयं ठेवली की काढली, हा प्रश्न मागे पडला, आणि बहुतेक बायकांना तो माहीतही नसतो. "सगळं साफ केलं" एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. दोन्ही अंडाशयं काढली की पाळी जाण्याचा बदल एका रात्रीत होतो. ती ठेवली तरी, पिशवी गेलेल्या बायकांमध्ये अंडाशयं इतरांपेक्षा लवकर थकतात, असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे. हाडं ठिसूळ होणं, छातीत धडधडणं, हृदयविकार याबद्दल निदान थोडं तरी बोललं जातं. नसेबद्दल कोणी बोलत नाही.

आता या दोन नसा एकमेकींच्या वाटेत कशा येतात ते पाहा. पाळी गेल्यावर पहिली तक्रार येते ती पुढच्या डोळ्याची. चुरचुर, खडे टोचल्यासारखं वाटणं, सकाळी पापण्या चिकटणं, चुलीपुढे बसलं की पाण्याच्या धारा. अश्रूंवर तेलाचा पातळ थर ठेवणाऱ्या पापणीतल्या ग्रंथी पुरुषी संप्रेरकांवर चालतात, आणि बाईच्या अंगातली ही संप्रेरकं वयाबरोबर घटतातच. त्यांचा बराच भाग अंडाशयातून येत असल्याने अंडाशय गेल्यावर ती एकदम उतरतात. डोळा कोरडा पडला की पारपटलाचे तंतू दुखावतात. तंतू दुखावले की अश्रू आणखी कमी येतात. बाई मेडिकलवर जाते आणि म्हणते, "डोळे लई चुरचुरायलेत, ड्रॉप द्या." काउंटरवरून एक बाटली मिळते. दोन दिवसांत आराम. संपली की पुन्हा तीच. पुढे शेजारणीलाही तीच.

त्या बाटलीवर डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. महिना-दीड महिना टाकलं की साधारण तीनपैकी एका माणसाच्या डोळ्याचा दाब थोडाफार वाढतो आणि शंभरांतल्या पाच-सहा जणांचा फारच वाढतो. तो वाढताना दुखत नाही, लालीही येत नाही, उलट डोळा शांत वाटतो. म्हणजे जिची मागची नस आधीच राखणीविना राहिली आहे, तिच्याच पुढच्या डोळ्याच्या चुरचुरीपायी त्या नसेवर दाब चढतो. उसाचं पान किंवा तुरीचं टोक लागून डोळ्यात बुरशी धरली असेल, तर हेच औषध बुबुळ नासवतं. पन्नाशीत संवेदना बोथट झाल्यामुळे जखम उशिरा लक्षात येते, ही त्यात आणखी एक अडचण. माझं स्पष्ट मत आहे की या भागातल्या बायकांची जी दृष्टी टाळता येण्यासारख्या कारणाने जाते, त्यात चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या या बाटल्यांचा वाटा आहे, आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी स्वतःहून हे थांबवायला हवं.

आता काचबिंदूच्या प्रकारांकडे. एक बंद कोनाचा. जगातल्या या प्रकारच्या रुग्णांत सुमारे 70 टक्के बायका असतात, असा 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. बायकांचा डोळा आकाराने थोडा लहान आणि त्याचा पुढचा कप्पा उथळ असतो, वयाबरोबर आतलं भिंग जाड होतं आणि जागा आणखी कमी होते. मग कधी तिन्हीसांजेला, अंधुक उजेडात बाहुली मोठी झाली की पाणी वाहून जायची वाट एकदम बंद होते. अर्धं डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, डोळा लालभडक होतो. घरात म्हणतात, पित्त उसळलं. लिंबूपाणी, पित्ताची गोळी, ओवा, कपाळाला पट्टी. सकाळपर्यंत नसेचा मोठा भाग गेलेला असतो. अर्धशिशीबरोबर डोळा लाल आणि नजर धूसर झाली, तर ते पित्त नव्हे.

उघड्या कोनाचा प्रकार याहून फसवा. तो बाजूची नजर आधी खातो. समोरचं नीट दिसत राहतं, सुईत दोरा ओवता येतो, म्हणून बाईला शंका येत नाही. फक्त चौकटीला खांदा लागतो, बाजूने आलेलं जनावर अचानक अंगावर आल्यासारखं वाटतं. नजर कमी झाल्याचं जाणवलं तर घरचे म्हणतात, मोतीबिंदू आहे, पिकू द्या. पिकेपर्यंत थांबल्यावर शिबिरात ऑपरेशन होतं, पट्टी सुटते, आणि तरी दिसत नाही. तेव्हा कळतं की नस सुकलेली होती. भारतात चाळिशीच्या वर काचबिंदू असलेल्यांची संख्या एक कोटीच्या पुढे असल्याचा अंदाज 2010 मध्ये मांडला गेला. दक्षिण भारतातल्या गावोगावच्या पाहण्यांत तो असलेल्यांपैकी बहुसंख्यांना, काही ठिकाणी दहांपैकी नऊ जणांना, आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं.

मग पाळी गेल्यावर संप्रेरकांच्या गोळ्या घ्याव्यात का? नाही, निदान डोळ्यासाठी नाही. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन घेणाऱ्यांच्या डोळ्याचा दाब जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने उतरला, आणि काचबिंदू टळल्याचं सरसकट दिसलं नाही. उलट 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंचवीस हजारांहून अधिक बायकांच्या अभ्यासात, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये कोरड्या डोळ्याची तक्रार 69 टक्क्यांनी जास्त होती. जे संप्रेरक मागच्या नसेला हात देतं, तेच पुढच्या डोळ्याला त्रास देऊ शकतं. शिवाय वर सांगितलेले बहुतेक अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. लवकर पिशवी गेलेली प्रत्येक बाई आंधळी होणार, असा याचा अर्थ मुळीच नाही. तिची नस इतरांपेक्षा लवकर आणि नेमाने बघायला हवी, एवढाच आहे.

हे आपल्याकडे तपासता येणार नाही असंही नाही. नागपूरचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांनी 2006 ते 2008 मध्ये नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तिशीच्या वरच्या 4,711 जणांचे डोळे तपासले. त्यातून शेती करणाऱ्या माणसांच्या डोळ्यांबद्दल जगाला माहीत नसलेलं बरंच काही कळलं. तसाच अभ्यास लातूर, नांदेड, बीडच्या बायकांमध्ये झाला पाहिजे, आणि त्याच्या अर्जात पिशवीचं वय आणि अंडाशयांची नोंद असली पाहिजे. जिथे इतक्या तरुण बायकांच्या पिशव्या गेल्या आहेत, तिथे हा प्रश्न विचारायला आणखी कशाची वाट बघायची?

अभ्यास होईल तेव्हा होईल. तोवर वाचणाऱ्याने करायचं ते सोपं आहे. तुमची, तुमच्या आईची, वहिनीची पिशवी चाळिशीच्या आत काढली असेल किंवा पाळी पंचेचाळिशीआधी गेली असेल, तर चाळिशी ओलांडताच एकदा बाहुली मोठी करून नस तपासून घ्या आणि डोळ्याचा दाब मोजून घ्या. तो साधारण 10 ते 21 च्या दरम्यान असतो, पण 18 असला म्हणून नस सुरक्षित असं नाही. डॉक्टरांनी ती डोळ्यांनी पाहिली पाहिजे. घरात कोणाला काचबिंदू असेल तर दरवर्षी तपासा. डिस्चार्ज कार्ड हाती असेल तर त्यावर अंडाशय काढलं का ते वाचून घ्या आणि ते कार्ड टाकू नका. कोणताही ड्रॉप विकत घेण्याआधी त्यावरचं नाव डॉक्टरांना दाखवा. आणि काचबिंदू निघालाच, तर दम्याचा त्रास असल्याचं आधी सांगा, कारण दाब उतरवणारं स्वस्त आणि नेहमीचं टिमोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही. थेंब रोज टाकावे लागतात, आयुष्यभर. त्याने गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली टिकते.

डॉक्टरांनाही एक विनंती. केसपेपरवर शुगर आणि बीपीच्या खाली एक ओळ वाढवा आणि सरळ विचारा, "मावशी, पाळी कधी गेली? आपोआप गेली की पिशवी काढली?" पंधरा सेकंदांचं काम आहे.